बोट ठेवेल त्याला निम्मे

दिवस गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार. ठरलेली रक्कम साडेसहा हजार रुपये, आगाऊ काही नाही. हजर तिघं: मी, पैठणी घेऊन आलेल्या सोनवणे मॅडम आणि शेजारच्या दुकानातले अत्तरवाले युसूफभाई.

माझ्या दुकानात काम घेताना दिवस, रक्कम आणि हजर माणसं मोठ्यानं बोलून घेण्याची पद्धत आहे. ही पद्धत माझी नाही. ज्यांच्याकडं मी हा धंदा शिकलो त्या करीमचाचांची आहे. गुलमंडीच्या मागच्या बोळात आमचं रफूचं दुकान. चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली, पाटीवर नाव अजून त्यांचंच आहे. मी शिंप्याच्या घरातला. शिवायला शिकायच्या वयात मला फाटलेलं बघत बसायचा नाद लागला, आणि वडलांनी वैतागून मला चाचांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. माझं चरित्र एवढंच. पुढं सगळं बसूनच झालंय.

रफू म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आजकाल निम्म्या लोकांना तो ठिगळ वाटतो. ठिगळ वरून लावतात. रफूत भोकाच्या जागी पुन्हा कापड विणायचं असतं, सुईनं, एकेक धागा, मागावर जसं विणलं गेलं होतं तसं. आधी सगळे उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून. धागा बाजारातून आणायचा नाही. बाजारातला रंग पहिल्या दिवशी जुळतो आणि पहिल्या धुण्यानंतर परका दिसतो. धागा त्याच कपड्यातून काढायचा, जिथं कोणाची नजर जात नाही तिथून. पँटच्या खालच्या दुमडीतून, कोटाच्या अस्तराखालून, शिवणीच्या आत शिंपी जी जादा पट्टी ठेवतो तिच्यातून. त्या पट्टीला आमच्याकडं माया म्हणतात. चांगला शिंपी माया भरपूर सोडतो. तयार कपडे विकणारे सोडत नाहीत, म्हणून तयार कपड्यांचा रफू मी शक्यतो घेत नाही.

चाचांचे दोन नियम होते, ते मी अजून पाळतो. पहिला नियम, कपडा आणून कोणीही देवो, परत देताना ज्याचा आहे त्याच्याच हातात द्यायचा. दुसरा नियम ऐकून नवी गिऱ्हाइकं हसतात. काम झालं की कपडा फळीवर पसरायचा आणि ज्यानं ते भोक कधी पाहिलेलं नाही अशा माणसानं रफू शोधायचा. त्यानं बोट बरोबर जागेवर ठेवलं, तर मजुरीतले निम्मे पैसे त्याचे. गिऱ्हाईक पूर्ण रक्कम देतं, निम्मी माझ्या हातून जाते. ज्यानं भोक पाहिलंय त्यानं शोधायचं नाही, कारण त्याला जागा माहीत असते.

आमच्याकडं हा शोधणारा माणूस म्हणजे युसूफभाई. त्यांचं अत्तराचं दुकान भिंतीला लागून आहे. काम घेताना ते साक्षीला असतात, पण भोक दाखवायची वेळ आली की शिस्तीत पाठ फिरवून बोळाकडं तोंड करून बसतात. इतक्या वर्षांत त्यांनी चार वेळा बोट ठेवलंय. त्यातल्या दोन तर एकाच वर्षातल्या, माझा चष्मा बदलायला झाला होता तेव्हाच्या. अजूनही ते त्या वर्षाची आठवण काढतात. "दिलीपमियाँ, वो साल अच्छा था," म्हणतात. "फिरसे चष्मा बिगाडो ना."

तर सोनवणे मॅडम. शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतात, मूळच्या देवगाव रंगारीच्या. उशीच्या अभ्र्यात घातलेली साडी त्यांनी फळीवर ठेवली आणि अभ्र्यावर हात तसाच राहू दिला.

"कोणाची साडी?" मी विचारलं.

"मुलीची. केतकीची. तिच्या आजीनं पैठणहून घेतली होती, तिला दिली."

"मग न्यायला त्यांना यावं लागेल."

"ती येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला हे माहीतच व्हायला नको. साडी ड्रायक्लीनिंगला दिलीय असं सांगितलंय मी."

युसूफभाई पाठ फिरवून बसले होते, पण कान इकडंच होते. मी साडी उलगडली. वांगी रंगाची, उभा धागा जांभळा आणि आडवा लाल, त्यामुळं हलवली की रंग बदलणारी. पदर खांद्यावरून मागं पडतो त्या ठिकाणी लिंबाएवढं जळलेलं भोक. भोवती काळी, कडक झालेली कड.

जळालेल्या कपड्याची पहिली तपासणी ठरलेली असते. कडेचा एक धागा तोडायचा, काडी लावायची आणि वास घ्यायचा. अस्सल रेशीम केस जळाल्यासारखा वास देतं, ज्योत काढली की विझतं आणि राखेचा चुरा होतो. नकली धागा वितळतो, त्याचा टणक मणी होतो. मी नेहमीप्रमाणं काडी लावली. राख चिमटीत चुरून बघितली.

"अस्सल आहे," मी म्हणालो.

"वास ओळखते मी," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या होत्या. आरती चालू होती. केतकी ताट घेऊन उभी होती, मागं समई होती आणि गर्दीत कोणीतरी तिला मागं सरकवलं. पाठीवर काही होतंय हे तिला कळलं तेव्हा तिनं डाव्या हातानं पदर ओढायचा प्रयत्न केला. डावा खांदा, दंड आणि तळहात भाजला. ती सव्वीस वर्षांची. शेंद्र्याला एका कंपनीत यंत्रांच्या भागांची रेखाटनं करते. दवाखान्यातून दिवाळीच्या आधी सोडतील असं डॉक्टर म्हणत होते.

"साडी नेस म्हणून मीच मागं लागले होते. ती ड्रेस घालणार होती."

मी मोजून मापून बोलणारा माणूस आहे, सांत्वन मला जमत नाही. जे दिसलं ते सांगितलं. "मॅडम, साडीनं तिला जाळलं नाही. रेशीम आग पुढं नेत नाही. बघा, भोक लिंबाएवढंच राहिलंय, विझलंय तिथल्या तिथं. अंगाला जे चिकटलं ते दुसरं काहीतरी असणार. ब्लाउजला अस्तर होतं का?"

त्यांनी रिकाम्या अभ्र्याची घडी घातली.

"होतं. तेपण मीच लावायला सांगितलं होतं. रेशीम घामानं खराब होतं म्हणून."

युसूफभाई तोंड न वळवता म्हणाले, "मॅडम, अस्तर सारी दुनिया लगाती. उसका क्या गुनाह."

मॅडमना काय हवं होतं ते त्यांनी नंतर नीट सांगितलं. साडी अशी व्हायला हवी होती की जणू काही झालंच नाही. केतकी कधीतरी कपाट उघडेल, साडी काढेल आणि तिला काही सापडणार नाही. "एक तरी वस्तू त्या दिवसाची जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे तिला," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, डोळ्यांना दिसणार नाही एवढी हमी देतो, बोटाची देत नाही. आणि साडी मी केतकीच्याच हातात देणार. त्या दुकानाबाहेर जाऊन परत आल्या आणि बरं म्हणाल्या.

आता धाग्याचा प्रश्न. साडीला शिवण नसते, माया नसते. तिच्या कमरेत खोचायच्या टोकातून थोडे धागे निघतात, पण आजीच्या काळापासून नेसून ते टोक विरलेलं होतं.

"याच साडीतला ब्लाउजपीस होता ना? तोच शिवला होता?"

"हो."

"तो ब्लाउज लागेल."

"तो दवाखान्यात कापून काढला. त्यांनी पिशवीत घालून दिला. मी ती पिशवी उघडलेली नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टाकलेलीही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पिशवी आणून फळीवर ठेवली आणि न बसता निघून गेल्या. ब्लाउज दोन तुकड्यांत होता. डावी बाजू कामाची नव्हती, तिकडं अस्तर वितळून रेशमाला चिकटलं होतं. उजवी बाजू चांगली होती. ज्या शिंप्यानं शिवला त्यानं कुशीच्या शिवणीत दोन बोटं माया सोडली होती. कोण होता माहीत नाही, पण मनातल्या मनात त्याला रामराम केला. कुशीच्या पट्टीतून जांभळे उभे धागे मिळाले, खालच्या दुमडीतून लाल आडवे. दोन्ही विरले नव्हते, कारण त्यांनी कधी ऊन पाहिलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक टप्पा असा असतो की त्या वेळी गिऱ्हाइकानं दुकानात येऊ नये. चाचा त्याला साफ करणं म्हणत. भोकाची कड नेहमी कमजोर असते. जळालेली, कुजलेली, उंदरानं चावलेली कड तशीच ठेवून तिच्यात नवे धागे गुंतवले, तर पहिल्याच ओढीला नवे धागे त्या कडेसकट बाहेर येतात. म्हणून जिथपर्यंत धागा बळकट लागतो तिथपर्यंत मागं जायचं आणि मधलं सगळं कापून टाकायचं. भोक मोठं होतं. लिंबाएवढं आलेलं वाटीच्या तोंडाएवढं होतं. करमाडच्या एका गृहस्थांनी लग्नाचा कोट दिला होता, खिशाजवळ सिगारेटचं भोक. साफ केल्यानंतर मधेच बघायला आले. एक रुपयाएवढं भोक बघून त्यांनी कोट उचलला, मला चोर म्हणाले, आणि बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले, कारण तसा कोट घालून लग्नाला जाणार कसं हेही त्यांच्या लक्षात आलं. कोट झाला. नंतर त्यांनी धाकट्या भावाचीही कामं आणली. पण चोर म्हटल्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. धंद्यात हे चालतं.

मॅडमनाही मी सांगून ठेवलं होतं की मी फोन करेपर्यंत येऊ नका. त्या तरीही आल्या. केतकी घरी येऊन आठवडा झाला होता. मी साडी लाकडी कड्यावर ताणून बसलो होतो, उभे धागे भरायला अजून सुरुवात नव्हती. मधोमध नुसतं गोल भोक, आणि त्यातून माझ्या मांडीवरची पांढरी चादर दिसत होती.

त्या दारातच थांबल्या.

"एवढं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दिलीपभाऊ, एवढं नव्हतं हे."

मी समजावलं, जसं वर लिहिलंय तसं. कड कशी कमजोर असते, बळकट धाग्यापर्यंत कसं जावं लागतं. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मग स्टुलावर बसल्या आणि बोलायला लागल्या. दवाखान्यात डॉक्टर दर दोन दिवसांनी तिला आत न्यायचे आणि खराब झालेली कातडी काढायचे. बाहेर आल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसायची. प्रत्येक वेळी मॅडम भांडायच्या की हे बरं होणं आहे का. डॉक्टर म्हणायचे, चांगलं मांस लागेपर्यंत काढावंच लागतं, नाहीतर वर लावलेली कातडी धरणार नाही. मग मांडीची कातडी काढून खांद्याला लावली.

"आणि मी इकडं फोनवर सगळ्यांना काय सांगत होते माहितीये? शी इज ऑन द मेंड. नातेवाईक, कॉलेजातले, सगळ्यांना एकच वाक्य."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

त्यांनी डोळे पुसले आणि वर्गात सांगतात तसं सांगितलं. मला वाटतं, सांगताना त्यांना जरा बरं वाटलं. ऑन द मेंड म्हणजे बरं होण्याच्या वाटेवर. मेंड म्हणजे दुरुस्त करणं, कपडा शिवून सारखा करणं. इंग्रजी माणूस सॉक्स मेंड करतो, रस्ता मेंड करतो, वागणूक मेंड करतो, आणि आजारी माणूसही मेंड होतो. मुलांना त्या वर्षानुवर्षं सांगायच्या की, बघा, इंग्रजांना तब्येत आणि कपडा एकच वाटतो.

"मूळ कपड्याचा शब्द आहे का?" मी विचारलं. आपल्या धंद्यातला शब्द इंग्रजीत असा मानानं वापरला जातो म्हटल्यावर मला उत्सुकता वाटली.

"मुळात नाही. आधी तो शब्द अमेंड असा होता. फ्रेंचमधून आला, त्याच्या आधी लॅटिन. घटनादुरुस्तीला अमेंडमेंट म्हणतो ना, तोच. पुढचा अ बोलता बोलता गळून गेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोष बाहेर काढणं." त्या थांबल्या. कड्यावरच्या भोकाकडं बघत राहिल्या. "जोडणं नाही. आधी दोष काढणं. एवढी वर्षं मी ते फळ्यावर लिहिलं."

युसूफभाई भिंतीपलीकडून ऐकत होते. ते दारात येऊन पाठमोरे उभे राहिले, भोक दिसू नये म्हणून. "हमारे में भी तो वैसाच है, मॅडम. घडी दुरुस्त, सायकल दुरुस्त, तबियत दुरुस्त. तंदुरुस्त बोलते कायकू? तन दुरुस्त. इंग्रेज को इत्ता घूमके आने की क्या जरूरत थी."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "पण तुमचं दुरुस्त म्हणजे झालेलं, युसूफभाई. आमच्या वाक्यात ते चालू आहे. कधी संपणार ते त्या वाक्यात नाही. म्हणून तर मी ते वापरत होते. कोणी पुढं विचारत नाही."

मीही नंतर सुई चालवताना यावर विचार केला. आपण म्हणतो उतार पडला, जरा बरं आहे, माणसात आला. फाटण्याची भाषा आपण फक्त हरल्यावर वापरतो. आभाळच फाटलं, ठिगळ कुठं कुठं लावणार, असं. रफूचा शब्द माणसाला लावायचा तर आपल्याकडं एकच आहे, तो म्हणजे रफूचक्कर, आणि त्यात माणूस बरा न होता पळून जातो. चाचांना कोणी विचारलं असतं की कपडा आता कसा आहे, तर त्यांनी अर्ध्या कामावर कधीच बरा म्हटलं नसतं. ते म्हणत, काम चालू आहे तेव्हा कपडा सगळ्यात जास्त फाटलेला असतो. तेव्हा त्याला नुसतं सांभाळायचं.

जाता जाता मॅडमनी सांगितलं की केतकी खोलीतून बाहेर येत नाही. कंपनीचे दोन फोन आले, घेतले नाहीत. डाव्या हाताची मूठ निम्मीच मिटते, व्यायाम दिलाय, पण ती करत नाही. "साडी कुठंय म्हणून तेवढं रोज विचारते," त्या म्हणाल्या.

हे काम दोन महिन्यांच्या वर चाललं. दिवसाच्या उजेडातच करावं लागतं, आणि सलग तासभर बसलं की डोळ्यांत पाणी येतं. माझ्या घरात हे शिकायला कोणी नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तेवढ्या पैशात लोक नवा शर्ट घेतात, आणि त्याचा हिशोब बरोबर आहे. शर्टाच्या बाबतीत बरोबर आहे. पण दुकानात येणारा कपडा हल्ली शर्ट नसतोच. कोणाच्या वडलांचा कोट, कोणाची शाल. माणसं गेलेली असतात आणि कपडा राहिलेला असतो. ते काम मी आणखी फार वर्षं करू शकणार नाही, आणि नंतर ते या बोळात होणार नाही. याचं वाईट वाटतं, पण त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मॅडम केतकीला घेऊन आल्या. खरं काय ते त्यांनी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. नियम होता म्हणून सांगावं लागलं. त्यावरून त्या दोघींत काय झालं ते मला माहीत नाही, पण दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दोघी एकाच रिक्षातून आल्या होत्या.

केतकी उंच, बारीक, आईसारखं कपाळ. डाव्या बाहीच्या आतून तळहातापर्यंत अंगाच्या रंगाची घट्ट पट्टी, नुसती बोटं बाहेर. युसूफभाईंना कुठं बघावं कळेना. ते अत्तराची बाटली घेऊन आले. "बेटा, मोगरा. हातपर लगाऊँ?"

"कोणत्या हातावर, काका?" तिनं विचारलं. युसूफभाईंचा चेहरा बघून ती म्हणाली, "उजव्यावर लावा. डाव्याला सध्या मलमाचंच अत्तर चालतं."

मी साडी फळीवर पसरली. उलटी, सुलटी, टोकाची दिशा बदलून, म्हणजे कोणालाच अंदाज येऊ नये. युसूफभाईंनी हात धुऊन पुसले आणि सुरुवात केली. तळहात फिरवला, बोटं फिरवली, वाकून उजेडाच्या रेषेत बघितलं. पदराच्या मोरांपर्यंत जाऊन परत आले. शेवटी कंबर धरून उभे राहिले. "अल्ला कसम, मेरेकू तो पूरी साडीच रफू लगरी. नक्को, मैं हार गया."

मॅडमनी श्वास सोडला. तेवढ्यात केतकी म्हणाली, "मी बघू?"

"तू नको," मॅडम म्हणाल्या.

"नियमात बसत नाही," मी म्हणालो. "ज्याच्या अंगावर फाटलं त्याला जागा माहीत असते."

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पाठीमागं लागलं. मी नुसता पदर ओढला. नंतर साडी मी आज बघतेय. भोक तर मी पाहिलेलंच नाही."

मी युसूफभाईंकडं बघितलं. ते विचारात पडले, मग मान डोलावली. "सही बोलरी बच्ची. जिसने देखाच नहीं, वो पराया हुआ. ढूँढने दो."

तिनं डोळे मिटले. उजव्या हाताची तीन बोटं साडीवर ठेवली, अगदी हलकी, आणि ओळीनं फिरवत गेली, जसं शेत नांगरतात. बोळातून मोटारसायकली जात होत्या. तिची बोटं एका जागेवरून पुढं गेली, थांबली, मागं आली. परत पुढं. परत मागं. मग एकच बोट राहिलं.

"इथं."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्या नजरेचा अर्थ मला कळला. नाही म्हणा, एवढाच होता. एक शब्द, आणि तो खोटा आहे हे फक्त मला कळलं असतं. दोन महिन्यांचं काम, डोळ्यांना न दिसणारं, आणि आईचं म्हणणं एवढंच की ते सापडू नये. मी चाचांच्या पाटीखाली बसतो. "हो," मी म्हणालो. "तिथंच आहे."

मॅडमनी तोंडाला पदर लावला. "पण दिसत नाही ना. दिसत तर नाही."

"दिसत नाही, आई. लागतं." केतकीनं डोळे उघडले पण बोट उचललं नाही. "इथं कडेला जाडसर आहे. मधे नाही, कडेलाच. गोल फिरतं."

"तिथं दुहेरी आहे," मी सांगितलं. "नवे धागे जुन्या चांगल्या कापडात दोन बोटं आत नेऊन सोडलेत. नाहीतर धरणार नाहीत. तेवढा जाडपणा काढता येत नाही. मला येत नाही, आणि माझ्या उस्तादालाही येत नव्हता. पण आज युसूफभाईंना तो कळला नाही."

"मला सवय आहे," ती म्हणाली. "रोज दोनदा खांद्याला मलम चोळायचं असतं, याच हातानं. कुठं माझी जुनी आणि कुठं मांडीची, ते कडेला कळतं. गोल फिरतं." तिनं बोट त्या कडेवरून फिरवलं. "परत फाटेल का हे?"

"साडी आजीच्या वेळची आहे, कधीतरी फाटेलच. इथून नाही फाटणार. कडेच्या बाहेरून फाटेल. तिथं जपायचं."

तिनं मान हलवली, कामाची माहिती घेतल्यासारखी. "उरलेला ब्लाउज?"

मी पिशवी काढून दिली. मॅडमनी हात पुढं केला होता, पण केतकीनं ती घेतली, उघडली आणि उजव्या बाजूची उसवलेली कूस बघितली. मग पिशवी बंद करून खांद्याच्या बॅगेत टाकली.

"आता कसं आहे म्हणायचं?" मी विचारलं. "तुमच्या आईनं मला इंग्रजी शब्द शिकवलाय."

"ऑन द मेंड? ते आईचं वाक्य आहे. अख्ख्या गोतावळ्याला पाठ झालंय." तिनं आईकडं बघितलं. "माझं विचाराल तर काम चालू आहे. सोमवारी कंपनीत जाऊन बघणार आहे. अर्धा दिवस."

मॅडमना हे माहीत नव्हतं. त्यांनी पर्स उघडली आणि पैसे मोजून फळीवर ठेवले. मी निम्मे वेगळे काढले. केतकी म्हणाली, हे कशाला, गंमत होती. युसूफभाई म्हणाले, "गंमत कैसी? मैं चार बार लिया ना. नियम सो नियम."

मी पैसे तिच्या उजव्या हाताकडं धरले. तिनं तो मागं घेतला आणि डावा पुढं केला.

दिलेली रक्कम साडेसहा हजार रुपये, सोनवणे मॅडमकडून. त्यातले सव्वातीन हजार मला. सव्वातीन हजार केतकी सोनवणे हिला, पाचशेच्या सहा नोटा, शंभराच्या दोन, पन्नासची एक, डाव्या हातात. मूठ पूर्ण मिटली नाही. नोट एकही पडली नाही.